मागची खोली

सकाळी उठल्याबरोबर म्हातारा आधी छताच्या पत्र्याला शिव्या घालायचा आणि मग चूळ भरायचा. उभा जन्म गवंडीकामात गेलेला माणूस. गावात त्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण कुणाच्या घरी पाणी प्यायला टेकला तरी एक डोळा मिटून समोरची भिंत सरळ आहे का ते बघायचा, आणि नसली तर पाणी आणून देणाऱ्या बाईलाच तसं सांगायचा. आता गुडघे गेले होते, बाहेर पडणं बंद झालं होतं, आणि चुका काढायला घरातली दोनच माणसं उरली होती, मुलगा आणि सून.

“पत्रा नाही हा, तवा आहे,” खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणायचा. “जरा वेळानं कुणीतरी येऊन मला उलटा, म्हणजे दोन्हीकडून सारखा भाजेन.”

“उलटते, आधी चहा घ्या,” सून म्हणायची. तिला हसू यायचं. पण ऊन वर चढलं की ते हसू कुठल्या कुठं जायचं, कारण त्याच पत्र्याखाली, खाटेपासून चार हातांवर, तिची चूल होती.

घर तसं दोन खोल्यांचं. पुढची मुलानं बांधलेली. कोंबड्यांची शेड उभी केली तेव्हा जे पत्रे उरले ते या खोलीवर चढवले. मागची मात्र म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधली होती, तरुण असताना, बायको नांदायला आली तेव्हा. हातभर रुंदीची मातीची भिंत, वर लाकडी माळा, माळ्यावर कौलं, दार बुटकं, आणि दाराच्या बरोबर समोर, वर छताशी, एक झरोका. दारातून आलेला वारा थांबायचा नाही, झरोक्यातून निघून जायचा. गावभर माणसं घामानं निथळत असली तरी त्या खोलीत उन्हाळा शोधावा लागायचा. थंडी सरेपर्यंत म्हाताऱ्याची खाट तिथंच होती.

मग कंपनीचा सुपरवायझर आला. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची, आणि राबणं यांचं, असा तो धंदा. त्यानं शेडजवळची खाद्याची पत्र्याची खोली पाहिली आणि नाक मुरडलं. या उष्णतेत खाद्य खवट होईल, म्हणाला. मग पाणी प्यायला घरात आला, मागच्या खोलीत डोकावला, भिंतीवर तळहात ठेवला आणि खूश झाला.

“गोडाऊन तर तुमच्याकडे तयारच आहे की!”

आता साहेबाला कोण नाही म्हणणार? मागच्या लॉटमध्ये, म्हणजे पिल्लांच्या मागच्या खेपेत, मरतूक जास्त झाली होती. पुन्हा तसं झालं तर पिल्लं दुसऱ्याला देऊ, असं साहेब हसत हसत सांगून गेला होता. रिकामी शेड म्हणजे रिकामं घर, हे मुलालाही कळत होतं आणि सुनेलाही. त्याच संध्याकाळी खाद्याची पोती माळ्यापर्यंत चढली, औषधांचे खोके झरोक्याखाली लागले, आणि खाट पुढं आली.

“एवढा लॉट जाऊ द्या, बाबा,” मुलगा म्हणाला. “मग तुमची खोली तुम्हाला.”

तो लॉट गेला. पण तो जायच्या आधीच पुढच्या लॉटचं खाद्य येऊन पडलं.

त्या वर्षीचं ऊन नेहमीचं नव्हतं. सकाळची न्याहारी होते न होते तोच अंगणातली माती पाय ठेवू द्यायची नाही. बोअरचं पाणी करंगळीएवढं झालं होतं. वीज यायची पहाटे, आणि तेवढ्या वेळात मोटर जे ओढेल तेच दिवसभराचं. आधी कोंबड्यांना प्यायचं, मग शेडच्या छतावरच्या फवाऱ्यांना, मग शेडच्या जाळीवर टांगलेल्या गोणपाटांना. जे उरेल ते घराला, एका पिंपात.

सून उजाडायच्या आत उठायची. घराची दारं-खिडक्या सताड उघडायची, जमीन पुसून घ्यायची. ऊन अंगणात उतरलं की उन्हाकडच्या खिडकीवर ओलं गोणपाट टांगायचं, बाकीच्या मिटायच्या. हे सगळं तिला म्हाताऱ्यानं शिकवलेलं, आणि शिकवताना तिचे कान किटवलेले. पहिल्यांदा तिनं गोणपाट ओलं करून टांगलं आणि समोरचीही खिडकी गच्च लावून टाकली, तेव्हा म्हाताऱ्यानं काठीनं खाटेचा पाय बडवून तिला शेडमधून बोलावून आणलं होतं.

“सूनबाई, मी काय बटाटा आहे का?”

“काय झालं, मामंजी?”

“वाफवतेस म्हणून विचारलं. ओल्या पोत्यातून वारा आत आला, तर त्याला बाहेर जायला वाट नको? समोरची फट ठेव चार बोटं. घर म्हणजे काय डबा आहे झाकण लावायला?”

तिनं फट ठेवली, आणि खरंच जरा बरं वाटायला लागलं. पण गोणपाट तासाभरात वाळून खडखडीत व्हायचं. मग पुन्हा काठी वाजायची. ठक ठक ठक. शेडमध्ये खाद्य टाकता टाकता तिला ती ऐकू यायची. कधी पोतं भिजवायचं, कधी पाणी प्यायला द्यायचं, कधी नुसतंच “आज वारा कुठल्या अंगानं आहे गं?” एवढं विचारायला. नाकी नऊ आले होते तिच्या. एकदा तर ती फणकारून म्हणाली, “मामंजी, तिकडं एवढे जीव माझ्या भरवशावर आहेत.”

“इकडं एकच आहे,” म्हातारा म्हणाला. “मोजायला तरी सोपा.”

पत्र्याला चुना मारायचा, हेही त्याचंच टुमणं. पांढरा पत्रा ऊन परतवतो, काळा गिळतो. मुलानं चुना आणला, तुरटी घालून भिजवला, आणि शिडी लावून शेडच्या छतापासून सुरुवात केली. शेड लांबलचक. शेडचं शेवटचं टोक आलं तेव्हा बादलीत नुसतं पांढरट पाणी राहिलं होतं. तेवढं त्यानं घराच्या पत्र्यावर ओतलं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्याचे पोपडे निघाले आणि अंगणात पडले.

“छान झालं,” म्हातारा म्हणाला. “कोंबड्यांना गोरं केलंत, मला राहू द्या सावळा.”

सुपरवायझर मोटारसायकलवरून यायचा. पक्षी वजनाला आले होते, आता गाडी आली की उचलायचे. गाडी याच आठवड्यात येणार, असं तो प्रत्येक आठवड्यात सांगायचा. एकदा तो शेड बघून घरात टेकला. सून त्याच्यासाठी सरबत करत होती. म्हातारा उठून बसला, सदऱ्याची बटणं लावली, आणि ज्या आवाजात पूर्वी मोठ्या घरांच्या मालकांशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, “साहेब, एक विनंती होती. तुमची पोती जरा भिंतीला सारून घेतली तर कडेला माझी खाट बसते. मी माप घेतलंय मनात. पोत्यांना हातही लावणार नाही.”

साहेब हसला. “बाबा, खाद्याला ओल लागली तर वाया जातं. आणि तुमच्या वयात... म्हणजे रात्री-अपरात्री काही सांडलं-लवंडलं, तर जबाबदारी कुणाची?”

आणि मुलगा हसला. मोठ्यानं नाही. साहेब हसतोय म्हणून, साथ द्यायची म्हणून, तेवढाच. पण हसला. सुनेच्या हातातला चमचा पेल्यात तसाच थांबला. म्हाताऱ्यानं दोघांकडं पाहिलं नाही. तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला, आणि त्या दिवशी त्यानं पुन्हा काठी वाजवली नाही. धोतर त्याचं कधीच ओलं झालं नव्हतं. गुडघे दुखत असताना, भिंत धरून धरून, तो बाहेर जाऊन यायचा.

साहेब गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, निम्मी पोती तरी पुढं आणू या का? त्यांना आत घेऊ.”

“पुढं तापतील की.”

“मग ते नाही तापत?”

नवरा शर्टानं मान पुसत राहिला. उन्हानं त्याच्याही मानेवर घामोळ्यांची जाळी झाली होती. वाईट माणूस नव्हता तो. सकाळपासून छतावर चढून फवाऱ्यांची भोकं सुईनं साफ करत होता, तळपायांना फोड आले होते. “गाडी येतेय गं,” तो म्हणाला. “आता चार दिवसांसाठी एवढी पोती कुठं हलवायची? ठेवायला दुसरी गार जागा तरी आहे का? पक्षी गेले की पहिलं काम तेच.”

तिनं जास्त ताणलं नाही. खरं म्हणजे तिलाही तेच सोयीचं होतं. एवढी पोती हलवायची म्हणजे पाठ मोडणार तिचीच, आणि चार दिवसांनी आपोआप रिकामी होणारी खोली आज कशाला रिकामी करायची, असं तिनंही मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याची काठी पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिला उलट हायसं वाटलं.

मग तो दिवस आला. पहाटे वीज आलीच नाही. मोटर मुकी. टाकीत आदल्या दिवशीचं बुडाशी उरलेलं पाणी, आणि घरात अर्धं पिंप. सूर्य उगवला तोच तापलेला. गिरणीवाली काकू, शेजारची, दाराशी येऊन म्हणाली, “आज काही खरं नाही गं बाई. माझी मांजर माठाला मिठी मारून बसलीय.”

ऊन चढलं तशा कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्या. नवरा धावत घरात आला. “पिंपातलं पाणी घेऊ का? गोणपाटं कोरडी पडलीत. आता नाही भिजवली तर लॉट हातचा जाईल.”

तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो जागाच होता. छातीवरचा सदरा ओला, चेहरा लाल.

“मामंजी, एवढं पिंप शेडला नेतो. तुमच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. वीज आली की आधी तुमचं पोतं भिजवते.”

म्हातारा काहीतरी बोलणार असं वाटलं. एखादा टोमणा, नेहमीसारखा. पण तो नुसता म्हणाला, “न्या.”

दोघांनी मिळून पिंप उचललं. जाताना तिनं मागं वळून खिडकीची फट नीट आहे ना, तेवढं पाहिलं.

दुपार कशी गेली ते तिला पुढं कधी सलग आठवलं नाही. गोणपाटं भिजवली, ती वाळली. पुन्हा भिजवायला पाणी उरलं नाही. कोंबडी बुडवायला एक बादली तेवढी राखली, बाकी उरलंसुरलं पाणी मीठ-साखर घालून भांड्यांत ओतलं. कोंबड्या एका जागी गोळा होऊन बसल्या की खालच्या खाली गुदमरतात, म्हणून दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं त्यांना विस्कटत फिरत होती. भुशाचा वास, विष्ठेचा वास, पंखांची धूळ घशात. तिच्या डोळ्यांपुढं मधूनच अंधारी यायची, तेव्हा ती खांब धरून उभी राहायची.

“बाबांची काठी नाही वाजली आज,” नवरा एकदा म्हणाला.

“झोप लागली असेल,” ती म्हणाली. “लागू दे. शहाण्यासारखे आहेत आज.” आणि तिला मनापासून बरं वाटलं, की आज तरी त्यांनी तिला पळवलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिच्या पायाशी एक कोंबडी आली. बाकीच्या धापा टाकत होत्या, ही टाकत नव्हती. चोच मिटलेली, मान खाली, अगदी शांत. धापा टाकणाऱ्या कोंबडीची काळजी नसते. ती झगडत असते. धापा थांबवून जी गप्प बसते तिला लगेच पाण्यात बुडवावं लागतं, नाही तर ती गेलीच. हे तिला इतकं पाठ होतं, की तिचा हात आपोआप बादलीकडं गेला. कोंबडीच्या पंखाखाली नुसता जाळ होता. तिनं तिला पाण्यात धरलं, आणि धरल्या धरल्या तिला दिवसभर न वाजलेली काठी आठवली. कोंबडी हातातून सुटली. सून धावत सुटली, अनवाणी, तापलेल्या मातीवरून.

म्हातारा खाटेवर उताणा होता. अंगावरचा सदरा वाळून कडक झाला होता. घामाचा टिपूस नव्हता. तिनं कपाळाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. उशाशी तांब्या तसाच भरलेला होता.

“मामंजी! अहो मामंजी!”

त्यानं डोळे उघडले, पण ते तिच्यावर नव्हते. “भिंत घे,” तो म्हणाला. “दोरी लाव आधी.”

तिनं तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला, छातीवर ओतला. ओरडून नवऱ्याला बोलावलं. काकू धावत आली, तिनं आपला माठच उचलून आणला. ओली फडकी काखेत, मानेवर, मांड्यांत. नवरा खाटेपाशी गुडघे टेकून पुठ्ठ्यानं वारा घालत होता आणि “बाबा, बाबा” एवढंच म्हणत होता. दवाखान्याची गाडी बोलावली. ती येईपर्यंत म्हाताऱ्याचा श्वास उंच झाला, मग तुटक झाला. गाडी अंगणात वळली तेव्हा डॉक्टरकडं न्यायला काही उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं वीज आली. मोटर आपोआप सुरू झाली आणि शेडच्या छतावर फवारे उडायला लागले.

म्हाताऱ्याची लेक लांबच्या शहरात. ती निघाली होती, पण पोचायला सकाळ होणार. तोपर्यंत थांबायला हवं. जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली. या उकाड्यात, या पत्र्याखाली, सकाळपर्यंत कसं ठेवायचं? कुणीतरी मागच्या खोलीत डोकावलं आणि म्हणालं, “ही खोली गार आहे की. इथं घेऊ.”

मग कुणी कुणाला विचारलं नाही. चार जण आत शिरले, दारात माणसांची साखळी लागली, आणि पोती हातोहात बाहेर आली. आंब्याखाली रचली, वर ताडपत्री टाकली. चुलीवर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चहाला उकळी यायच्या आत खोली रिकामी झाली. सून चुलीपाशी उभी राहून बघत होती. 

जमीन ओल्या फडक्यानं पुसली. कुणी बर्फाची लादी आणली, कुणी पाण्याच्या कळश्या. दारावर ओलं गोणपाट टांगलं, झरोका मोकळा केला. त्या दिवशी पाणी कुठून कुठून आलं. सुपरवायझरही येऊन गेला. त्यानं आंब्याखालची पोती पाहिली. चपला काढून उभा राहिला, हात जोडले, आणि जाताना मुलाच्या कानाशी म्हणाला की मरतूक अगदी कमी आहे, काळजी करू नका.

सकाळी लेक आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. बापाच्या पायांशी बसली, मग जरा शांत झाल्यावर तिनं वहिनीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“तुझे उपकार कसे फेडू गं वहिनी?”

“ताई, असं नका बोलू.”

“नाही, बोलू दे. यंदा मला एकदाही यायला जमलं नाही. मी रोज फोन करायचे. ऊन सोसतंय का, बाबा? असं विचारलं तर म्हणायचे, मला काय धाड भरलीय? मागच्या खोलीत आहे. पहाटे पांघरूण घ्यावं लागतं. म्हणायचे, पोरानं माझी खाट हलवू दिली नाही, आणि सूनबाई दिवसातून दहा वेळा गोणपाट भिजवते.” तिनं भिंतीवर हात ठेवला. “त्यांच्या खोलीत गेले, गारव्यात गेले. माझ्या मनाला तेवढाच आधार आहे.”

 नवरा खाली मान घालून जमिनीकडं बघत होता. काकूनं पदर तोंडाला लावला. सुनेला वाटलं, आपण गप्प बसलो तर हे असंच राहील. ज्या माणसानं उठताबसता दोघांना टोमणे मारले, त्यानं लेकीपुढं मात्र त्यांची लाज झाकली होती, आणि ते झाकण तो त्यांच्यासाठी मागं ठेवून गेला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. तेही नाही, नुसती मान हलवायची. नवऱ्यानं डोळे वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत तीच विनवणी होती.

“ताई,” ती म्हणाली, “इथं नव्हते ते.”

“म्हणजे?”

“थंडीनंतर इथं नव्हतेच. इथं कोंबड्यांचं खाद्य होतं. ते पुढं होते, पत्र्याखाली. खोली मागत होते रोज. काल, गेल्यावर, आणलं त्यांना इथं.”

नणंद तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं भावाकडं पाहिलं. भावानं मान वर केली नाही. तिनं सावकाश आपले दोन्ही हात काढून घेतले आणि बापाच्या अंगावरची चादर उगाच सारखी करायला लागली.

सुनेचा हात तसाच मांडीवर उघडा राहिला. बाहेर ऊन अंगणात उतरलं होतं आणि उंबऱ्यावरून आत सरकत होतं. खोली तापेल म्हणून ती उठली आणि चार बोटं फट ठेवून तिनं दार लोटून घेतलं.